भय आणि विसावा : फारियाच्या खुर्चीपासून शवासनाच्या चटईपर्यंत

२७ डिसेंबर १९०७ रोजी आपल्या सुरतेत, तापीकाठच्या फ्रेंच गार्डनमध्ये राष्ट्रीय सभेचा मांडव मोडला, ही हकीकत आपल्यापैकी पुष्कळांनी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली असेल. अध्यक्षस्थानी रासबिहारी घोष होते. लोकमान्य टिळक बोलायला व्यासपीठावर चढले, त्यांना बोलू देईनात, आणि ते हाताची घडी घालून जागचे हलेनात. तेवढ्यात एक जोडा भिरभिरत आला आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी व फिरोजशहा मेहता या दोघांना लागला. तेथे हजर असलेल्या नेव्हिन्सन या इंग्रज पत्रकाराने तो जोडा मराठी घाटाचा असल्याचे लिहून ठेवले, त्यामुळे आपला संबंध त्या प्रसंगाशी कायमचा जोडला गेला. मग खुर्च्या उडाल्या, काठ्या चालल्या आणि पोलिसांनी मांडव रिकामा केला.

त्या गदारोळानंतर अवघ्या काही दिवसांत, सुरतेहून फार दूर नव्हे, बडोद्यात जे घडले ते मात्र आपल्याकडे क्वचितच सांगितले जाते. जहाल पक्षाच्या पुढाऱ्यांपैकी अरविंद घोष सुरतेहून बडोद्याला गेले. बडोदे त्यांच्या ओळखीचे गाव होते. १८९३ पासून १९०६ पर्यंत त्यांनी तेथेच नोकरी केली होती. काही वर्षे ते प्राणायाम करीत होते, पण मन काही ठिकाणावर येत नव्हते. त्यांचे धाकटे बंधू बारींद्र यांनी विष्णु भास्कर लेले या मराठी योग्याला तार करून बोलावून घेतले. सरदार मजुमदारांच्या वाड्यात वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत दोघे तीन दिवस बसले. लेल्यांनी सांगितलेला उपाय अगदी साधा होता. स्वस्थ बसा, विचार बाहेरून येताना दिसतील, ते आत शिरण्याआधीच परतवून लावा. तीन दिवसांत आपले मन निश्चल झाले, असे अरविंदांनी पुढे स्वतःच सांगितले आहे.

खरी अडचण त्यानंतर आली. १९ जानेवारी १९०८ रोजी मुंबईत महाजन वाडीत त्यांचे भाषण ठरलेले होते, आणि मनात तर एकही विचार उरलेला नव्हता. बोलायचे काय? लेल्यांनी सांगितले, श्रोत्यांना नमस्कार करा आणि थांबा, बोलणे आपोआप येईल. अरविंदांनी तसे केले आणि भाषण झाले. ते छापील रूपात आजही वाचायला मिळते.

या घटनेकडे आपण अध्यात्म म्हणून पाहावे की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. धकाधकीच्या दिवसांत एका माणसाने दुसऱ्याला बसवले, शांत आवाजात चार सूचना दिल्या आणि त्याच्या मनाचा व्यवहार बदलला. या विद्येला जगात संमोहन, स्वयंसूचना, शिथिलीकरण अशी निरनिराळी नावे मिळाली. तिच्या इतिहासात आपल्या माणसांचा वाटा किती, आणि आज आपल्या घरातल्या धास्तीला व सवयींना तिचा काय उपयोग, याविषयी या व्याख्यानात बोलायचे आहे.

१

सुरुवात करावी लागते ती गोव्यातल्या कांदोळी गावापासून. जुझे कुस्तोदियु द फारिया याचा जन्म ३१ मे १७५६ रोजी बार्देशातल्या या गावी झाला. घराणे ख्रिस्ती, मूळचे गौड सारस्वत. आईवडिलांचे पटले नाही. आई जुन्या गोव्याच्या सांता मोनिका मठात जोगीण झाली, वडील कायतान व्हितोरिन पाद्री झाले आणि १७७१ मध्ये मुलाला घेऊन लिस्बनला पोहोचले. पुढे मुलगा रोमला शिकला आणि १७८० मध्ये त्याला दीक्षा मिळाली.

त्याच्याविषयीची एक आख्यायिका गोव्यात घरोघरी माहीत आहे. पोर्तुगालच्या राणीच्या प्रार्थनामंदिरात तरुण फारियाला प्रवचनाला उभे केले. समोर राणी, सरदार, धर्मगुरू. त्याची बोबडी वळली. तेव्हा जवळच बसलेले वडील कोकणीत हळूच पुटपुटले, ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी.’ समोर बसलेत ती माणसे नव्हेत, पालेभाजी आहे, विळी घे आणि चीर. मुलाची जीभ सुटली आणि प्रवचन उत्तम झाले. आयुष्यभर तो या चार शब्दांचा विचार करीत राहिला, असे म्हणतात. आख्यायिका शब्दशः खरी धरायची गरज नाही. पण गोव्याच्या लोकांनी आपल्या या माणसाविषयी नेमकी हीच गोष्ट जपली, कारण त्याच्या सगळ्या शास्त्राचे बीज तिच्यात आहे. वडिलांनी औषध दिले नाही की अंगारा लावला नाही. मायबोलीतले काही शब्द योग्य क्षणी कानावर पडले आणि समोरचे भय आकाराने लहान झाले.

१७८७ मध्ये गोव्यात पिंटोंचा कट उघडकीला आला, त्यात वडिलांचेही नाव गुंतले. पुढच्या वर्षी फारिया पॅरिसला गेला. तेथे राज्यक्रांतीची धामधूम त्याने पाहिली. पुढे मार्सेय व नीम येथे तत्त्वज्ञान शिकवले आणि १८१३ मध्ये पॅरिसच्या क्लिशी रस्त्यावर आपले जाहीर प्रयोग सुरू केले.

त्या काळी युरोपात मेस्मर नावाच्या वैद्याचा बोलबाला होऊन गेला होता. माणसाच्या अंगात एक चुंबकी द्रव वाहतो, तो आपण हात फिरवून रोग्याच्या अंगात घालतो, असा मेस्मरचा दावा होता. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या समितीने त्याची परीक्षा केली. तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. असा द्रव कोठेही नाही, जे घडते ते कल्पनेमुळे घडते, असा निर्वाळा समितीने दिला आणि प्रकरण मिटवले. पण नुसत्या कल्पनेने माणसाला बरे वाटते, हीच केवढी मोठी गोष्ट आहे, हे समितीच्या विद्वानांना सुचले नाही. ते या गोंयकार पाद्र्याला सुचले.

त्याची रीत अशी. समोरच्याला आरामखुर्चीत सैल बसवायचे, डोळे मिटायला लावायचे, झोपेचाच विचार करायला सांगायचे, आणि तो स्वस्थ झाला की ठाम आवाजात आज्ञा द्यायची, झोपा. काही जण खरोखर त्या अवस्थेत जात, काही जात नसत. फारियाने याचा अर्थ सरळ लावला. माझ्यातून काहीही निघून तुमच्यात शिरत नाही, मला कसलीही सिद्धी नाही. जे घडते ते तुमच्या मनात, तुमच्या एकाग्रतेमुळे आणि तुमच्या संमतीने घडते. ज्याची प्रकृती अशी नाही त्याला मी झोपवू शकत नाही.

वाचकहो, हे म्हणायला केवढे धैर्य लागले असेल, याचा विचार करा. खेळ पाहायला लोक पैसे देऊन येत होते आणि हा माणूस त्यांना सांगत होता की माझ्यात जादू नाही. चुंबकवाले त्याच्यावर चिडले, चर्चला त्यात सैतान दिसला, आणि १८१६ मध्ये त्याची टिंगल करणारे एक प्रहसन रंगभूमीवर आले, तेव्हा लोक हसू लागले. त्याचे प्रयोग बंद पडले. २० सप्टेंबर १८१९ रोजी तो वारला आणि त्याचे पुस्तक त्याच वर्षी निघाले. पुढे अलेक्झांडर द्युमाने ‘काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’मध्ये त्याचे नाव घेऊन एक कैदी रंगवला, पण त्या कैद्यालाही इटालियन करून टाकले. जिवंतपणी हसे झाले आणि मेल्यावर गावही बदलले.

न्याय मिळाला तो फार उशिरा. जेम्स ब्रेड या मँचेस्टरच्या शल्यवैद्याने १८४३ मध्ये या अवस्थेला ‘हिप्नॉटिझम’ हे नाव रूढ केले. फ्रान्सच्या नान्सी शहरात लिएबो आणि बर्नहाइम यांनी सूचनेचे शास्त्र उभारले आणि बर्नहाइमने त्याचे श्रेय फारियाला दिले. १९०६ मध्ये डॉ. दालगाद या गोमंतकीयाने पॅरिसमध्ये त्याचे चरित्र छापले. १९४५ मध्ये मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला त्याचा पुतळा पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी उभा राहिला. आपण गोव्याला जाता तेव्हा तो पाहिला असेल. झग्यातला पाद्री हात पुढे करून उभा आहे आणि समोर एक स्त्री कलंडते आहे. पुतळा उत्तम आहे, पण पाहणाऱ्याला वाटते की शक्ती त्या हातातून निघते आहे. फारियाने जन्मभर हेच नाकारले होते.

२

आता पुन्हा आपल्या भागाकडे येऊ. नर्मदेच्या काठी मालसर येथे परमहंस माधवदास नावाचे एक वृद्ध योगी राहत. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्यांच्याकडे दोन तरुण शिकले. एक होते मणिभाई हरिभाई देसाई, बिलिमोऱ्याजवळच्या डेगाम गावचे. त्यांनी योगेंद्र हे नाव घेऊन १९१८ मध्ये मुंबईला वर्सोव्यात योगसंस्था काढली, ती पुढे सांताक्रूझला गेली. दुसरे जगन्नाथ गणेश गुणे, घर मराठी, जन्म १८८३ चा, बडोद्याजवळच्या डभोईचा. त्यांनी बडोद्याच्या प्रो. माणिकरावांकडे व्यायामाचे धडे घेतले, मालसरला योगाचे, आणि १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंद या नावाने लोणावळ्याला कैवल्यधाम उभारले. गुजरातेत वाढलेला मराठी माणूस म्हणून त्यांची आठवण आपण सुरतकरांनी अधिक ठेवायला हवी.

या दोघांनी योगाला गुहेतून बाहेर काढून संसारी माणसाच्या सतरंजीवर आणले. कुवलयानंदांनी त्याला प्रयोगशाळेतही नेले आणि ‘योगमीमांसा’ या नियतकालिकातून प्रयोग छापले. शवासन ‘हठप्रदीपिके’त सांगितलेले आहे. प्रेतासारखे उताणे पडावे, शीण जातो, चित्ताला विश्रांती मिळते, एवढेच तेथे म्हटले आहे. लोणावळ्याच्या लोकांनी त्यातली एकेक पायरी तपासायला घेतली.

त्याच सुमारास समुद्रापलीकडे इतर माणसे दुसऱ्या वाटांनी त्याच ठिकाणी पोहोचत होती. अमेरिकेत एडमंड जेकबसनने १९२९ मध्ये दाखवले की एकेक स्नायू आधी आवळून मग सैल सोडत गेले की मनाची घालमेलही उतरते. जर्मनीत शुल्झने १९३२ मध्ये हात जड झाला, हात उबदार झाला, अशी स्वतःलाच सूचना देण्याची पद्धत मांडली. फ्रान्सचा कुए नावाचा औषधविक्या रोग्यांना रोज तेच एक आश्वासक वाक्य स्वतःशी म्हणायला लावत असे.

हे वाचताना आपल्याला काही आठवते का? समर्थांनी २०५ मनाचे श्लोक रचले, ते आपल्याच मनाला उद्देशून. तिन्हीसांजेला देवापाशी बसून रामरक्षा म्हणायची, रात्री भीती वाटली तर मारुतिस्तोत्र म्हणायचे, ही आपल्या घरांची जुनी रीत आहे. आजी मीठमोहऱ्या उतरून दृष्ट काढायची तेव्हा किरकिरणारे मूल खरोखर शांत व्हायचे. त्याला मोहरीचा गुण कारण नव्हता. जवळ बसलेले माणूस, ओळखीचा आवाज, ठरलेले शब्द आणि ‘आता बरे वाटेल’ हा भरवसा यांनी ते काम केले. हे पूर्वजांचे हिप्नॉटिझम होते असा दावा मी करणार नाही. स्तोत्र हे स्तोत्रच आहे. पण भ्यालेल्या माणसाला लय आणि खात्रीचा शब्द हवा असतो, हे आपल्या घरांना ठाऊक होते.

३

शवासनाचा पहिला मोठा वैद्यकीय हिशेब मुंबईत झाला. के. ई. एम. रुग्णालयाचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी सहकाऱ्यांसह रक्तदाबाच्या ४७ रुग्णांवर शवासनाचा प्रयोग केला आणि १९६९ मध्ये तो प्रसिद्ध केला. सहकाऱ्यांत कैवल्यधामचे डॉ. विनेकरही होते. रुग्णाला उताणे झोपवून श्वास संथ करायला शिकवीत, आणि नाकपुडीशी आत येणारी हवा थंड, बाहेर जाणारी उबदार, एवढ्याकडेच लक्ष द्यायला सांगत. औषध न घेणाऱ्या गटात सरासरी दाब पाऱ्याच्या सुमारे २७ मिलिमीटरने उतरला. औषधावर असलेल्यांपैकी अनेकांची मात्रा कमी करता आली. डोकेदुखी, चिडचिड, निद्रानाश यांतही उतार पडला. या प्रयोगात तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, ही त्याची उणीव. ती उणीव इंग्लंडमधल्या क्रॉयडनच्या डॉ. चंद्रा पटेल यांनी भरून काढली. त्यांनी १९७३ मध्ये २० रुग्णांवर, आणि १९७५ मध्ये ३४ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडून प्रयोग केले. शिथिलीकरण शिकलेल्या गटाचा दाब स्पष्टपणे अधिक उतरला.

संमोहनाचेही असेच. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९५५ मध्ये त्याला वैद्यकात स्थान दिले. १९८४ मध्ये मँचेस्टरच्या डॉ. व्हॉरवेल यांनी ३० रुग्णांवरच्या प्रयोगात दाखवले की काळजीने बिघडणाऱ्या पोटाच्या जुनाट दुखण्यावर संमोहन चांगले चालते. पण सगळीकडे असा विजय नाही. धूम्रपान सोडवण्यासाठी संमोहन इतर उपायांहून सरस ठरते काय, हे २०१९ मध्ये उपलब्ध प्रयोग एकत्र करून तपासले, तेव्हा तसा पुरेसा पुरावा मिळाला नाही. म्हणून एका बैठकीत तंबाखू सोडवून देतो असे कोणी सांगितले तर सावध व्हावे.

मावा मळणारा हात आपल्यापैकी अनेकांनी घरात किंवा दुकानात पाहिला आहे. तो हात तंबाखूसाठी जितका चालतो, तितकाच अस्वस्थतेमुळेही चालतो. हिशेब जुळत नाही, मालाचा पैसा अडकला, मुलाचा निकाल आहे, की हात डबीकडे जातो. नख कुरतडणे, रात्री तीनदा उठून कुलूप पाहणे, कोणी बोलले की जिन्यातच धाप लागणे, यांची जात एकच. शिथिलीकरणाने तंबाखूची तलफ नाहीशी होईल असे नाही. पण धास्ती आणि डबी यांच्यामध्ये पाच मिनिटांची जागा तयार होते, आणि त्या पाच मिनिटांत माणसाला निवड करता येते. तलफ तीव्र असेल तर डॉक्टरांची मदत त्याच्या जोडीला घ्यावी, तेही लाजेचे नाही.

धास्ती पसरते कशी, हे सुरतेने स्वतः भोगले आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगची बातमी आली आणि काही दिवसांत लाखो माणसे गाव सोडून निघाली. आजार खराच होता, माणसे दगावली, काळजी घ्यायलाच हवी होती. पण ज्या घरात एक जण शांत राहून म्हणाला की आधी औषध घेऊ, तोंडावर कापड बांधू, मग ठरवू, त्या घराचे काय झाले आणि ज्या घरात एकाच्या किंकाळीने सगळे निघाले त्याचे काय झाले, हे तो काळ पाहिलेल्या मंडळींनी मनाशी आठवून पाहावे. भीतीही सूचनाच असते, फक्त ती कोणी ठरवून दिलेली नसते.

४

आता मुख्य प्रश्न. ही विद्या कोणाच्या हाती असावी?

रेल्वेच्या डब्यात आणि भिंतींवर ‘वशीकरण, एका दिवसात खात्रीशीर’ अशी पत्रके आपण पाहतो. मराठीत संमोहन, मोहिनी आणि वशीकरण हे शब्द एकाच पेटीत पडले, त्याचे हे फळ आहे. वशीकरणवाल्याचा सगळा धंदा मेस्मरच्या जुन्या दाव्यावर चालतो. शक्ती माझ्यात आहे, तू माझ्याकडे येत राहा. परीक्षेला घाबरणारी मुलगी, धंद्यात बसलेला भाऊ, नवऱ्याच्या दारूने पिचलेली सून ही त्याची गिऱ्हाइके. जादूटोण्याविरुद्ध महाराष्ट्राने २०१३ मध्ये आणि गुजरातने २०२४ मध्ये कायदा केला, हे चांगलेच झाले. पण कायदा गुन्हा घडल्यावर येतो. त्याआधी घरात एक समज हवी, आणि ती दोनशे वर्षांपूर्वी एका गोंयकाराने दिलेली आहे. झोपवणाऱ्यात शक्ती नसते, झोपणाऱ्यात असते.

म्हणून या विद्येच्या शिक्षकाची पारख सोपी आहे. जो तुम्हाला चार-सहा बैठकींत शिकवून ‘आता घरी स्वतः करा’ म्हणतो, तो फारियाच्या पंथाचा. तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्या बंद करायला सांगतो, किंवा तुमच्या भीतीची किंमत दर महिन्याला वाढवतो, त्याच्या दारातून परत फिरावे. आणि ज्याला आठवडेच्या आठवडे झोप नाही, जगणे नकोसे वाटते, कानात आवाज येतात, त्याला चटईवर झोपवून वेळ घालवू नये. त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. आपल्या जुन्या घरांतून ‘लोक काय म्हणतील’ या एका सूचनेने जेवढे नुकसान केले, तेवढे कोणत्याही मांत्रिकाने केले नसेल.

बाकी रोजच्या घालमेलीसाठी साधन घरातच आहे. सतरंजी टाका, उताणे पडा, पाय थोडे फाकलेले, तळवे वर. पायाच्या बोटांपासून सुरुवात करून एकेक भाग क्षणभर आवळा आणि सोडा. मग श्वासाची थंडाई आणि ऊब पाहत राहा. विचार येतील. त्यांच्याशी भांडू नका, त्यांना बसायला पाटही देऊ नका. दहा-पंधरा मिनिटे, दिवसातून दोनदा, निदान महिनाभर. पहिले आठ दिवस काहीच झाले नाही असे वाटेल, म्हणून सोडू नका. घरातल्या लहानांना हे शिकवायचे असेल तर आपण स्वतः आधी पडून राहावे. मुले सांगण्यापेक्षा पाहून लवकर शिकतात.

आणि मुलगा किंवा नातू शाळेच्या स्नेहसंमेलनात भाषणाला उभा राहून गडबडला, तर पहिल्या रांगेतून डोळे वटारू नका. फारियाच्या वडिलांनी केले तेवढेच करा. त्याच्याकडे पाहून, त्याला कळेल अशा घरच्या बोलीत, हळूच सांगा, ही सगळी भाजी आहे बाळा, कातर.